चालतंय की, दादा!

दुसऱ्याचं चालू असलेलं काम अडवून धरायचा मला पगार मिळतो. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या छोट्या ऑफिसात नेटवर्क कार्ड तयार होतं. त्याचा लिनक्स ड्रायव्हर (लिनक्सला ते कार्ड चालवायला शिकवणारा प्रोग्रॅम) एक नवा पोरगा लिहितो आणि मी तो तपासतो. म्हणजे त्याच्या टेबलावर पिंग (पलीकडचं मशिन उत्तर देतंय का याची चाचणी) झकास जात असताना मी चेहरा पाडून सांगतो की हे चालणार नाही. "चालतंय की वो, दादा!" म्हणत तो स्क्रीन माझ्याकडं वळवतो. खरंच चालत असतं. घोडं तिथंच पेंड खातं.

पोरगा हुशार आहे, फक्त मनानं फार चांगला आहे. मेमरी मागितली की मिळणार, डीएमए मॅपिंग (कार्डाला मेमरीत थेट लिहू-वाचू देणारी सोय) कधी फसणार नाही, केबल कुणी उपटणार नाही, असा त्याचा जगावर विश्वास. मॅपिंग फसलं का हे बघायला कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, वेगळं फंक्शन आहे, ते त्यानं बोलावलेलंच नाही. पाठवायची रांग भरली तर 'बिझी' सांगून पॅकेट (डेटाचं पुडकं) कर्नलकडंच ठेवायचं असतं. यानं बिझीही सांगितलं आणि पॅकेटची मेमरीही मोकळी करून टाकली. आता कर्नल तेच पॅकेट पुन्हा पाठवायला येणार, आणि ते केव्हाच कैलासवासी झालेलं.

हे तोंडी सांगायचं असतं तर सोपं होतं. "काय लिवलायस हे, भावा!" म्हटलं तर कोल्हापुरात पुढचा माणूस रागवत नाही, चहा सांगतो. लेखी रिव्ह्यूत मात्र 'इथं कदाचित विचार करता येईल' असं मऊ लिहावं लागतं. आणि मऊ लिहिलं की पोरगा ते ऐच्छिक समजतो. त्यात त्या दिवशी शाहू स्टेडियमवर त्याच्या पेठेची मॅच. घड्याळाकडं बघून तो मला "मंजूर म्हणा की" असं सुचवत होता.

सगळ्यात जास्त जीव रिंगनं खाल्ला. ड्रायव्हर आणि कार्ड यांच्यामध्ये डिस्क्रिप्टरांची (पत्त्याच्या चिठ्ठ्यांची) एक गोल रांग असते, तीच रिंग. आपण रिकाम्या बफरचा (पॅकेट ठेवायच्या मेमरीच्या तुकड्याचा) पत्ता त्यात लिहायचा, मग मालकीचा बिट कार्डाच्या नावे करायचा, की कार्ड येऊन पॅकेट ओतून जातं. थेट पंगतीतला तांबडा रस्सा! आधी वाटी मांडायची, मग "वाढा" म्हणायचं. वाढपी वाटीकडं बघत नाही, तो "वाढा" ऐकतो आणि डाव उपडा करतो. पोरानं क्रम बरोबर लिहिला होता, पण दोन्हींच्या मध्ये मेमरी बॅरिअर नव्हता. तो नसला की कंपायलर किंवा प्रोसेसर आपल्या सोयीनं क्रम फिरवू शकतो. वाटी अजून हातात आणि रस्सा विजारीवर.

"आजवर विजार कोरडी हाय, दादा."

असणारच. त्याच्या टेबलावरचं मशिन इंटेलचं, आणि एक्स८६ प्रोसेसर लिहिण्याचा क्रम सहसा मोडत नाही. आमचं गिऱ्हाईक हे कार्ड एआरएम या दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरच्या बोर्डावर लावणार. एआरएमला असली भीड नाही. बराच वाद झाल्यावर ड्रायव्हरमध्ये एक ओळ वाढली. संध्याकाळी आईनं विचारलं, "आज काय केलंस?" म्हटलं, एक ओळ घालून घेतली. "तू घातलीस?" नाही, त्यानं घातली. आई काही बोलली नाही, भाकरी थापत राहिली.

लहान पॅकेटांचं प्रकरण जरा नाजूक होतं. तारेवरून जाणारी इथरनेटची फ्रेम सीआरसीचे (चूक पकडायच्या आकड्याचे) ४ बाइट धरून किमान ६४ बाइटांची लागते. एआरपीची ('हा आयपी पत्ता कुणाचा?' अशी) चौकशी हेडरसकट ४२ बाइटांत आटोपते, म्हणून शेपटाला १८ शून्यं भरायची. पोरानं लांबी ६० केली, शून्यं काही भरली नाहीत. मग त्या १८ बाइटांत मेमरीत पूर्वीचं जे काही पडून असेल ते निघालं तारेवरून गावभर. हाच प्रकार २००३ साली अनेक ड्रायव्हरांत सापडला आणि 'इथरलीक' नावानं गाजला.

"म्हणजे आपला पासवर्ड शेजारच्या पीसीवर?"

"जाऊ शकतो."

पोरानं खुर्ची पुढं ओढली. मॅचचं नाव पुन्हा काढलं नाही.

उरला एमस्लीप, म्हणजे कोडला ठरावीक वेळ झोपवणारं फंक्शन. स्पिनलॉक (बाकीच्यांना जागेवर गरगरत थांबवणारं कुलूप) धरून झोपायचं नाही, हा कर्नलमधला जुना दंडक. कार्ड अडकलं की ते रीसेट करायच्या फंक्शनमध्ये यानं लॉक घेऊन १०० मिलिसेकंदांची झोप लावली होती. टेबलावर कार्ड कधी अडकलंच नाही, त्यामुळं त्या वाटेला कुणी फिरकलंच नव्हतं. असलं काम लॉक सोडून वर्कक्यूवर (मागाहून करायच्या कामांच्या रांगेत) टाकतात. मी स्वच्छ लिहिलं, मऊपणा बाजूला ठेवून: 'लॉक धरून झोपू नये.'

दुसरी आवृत्ती आली. बॅरिअर जागेवर, शून्यं भरलेली, पॅकेटही जिवंत. एमस्लीप खरंच काढला होता. त्याच्या जागी एमडिले. म्हणजे १०० मिलिसेकंद तोच लॉक घट्ट धरून प्रोसेसर एका जागी गरगरत बसणार आणि दुसऱ्या कुणाला त्याच्यावर काही करू देणार नाही.

मी मान वळवून बघितलं.

"झोपायचं न्हाई म्हणालासा न्हवं?" पोरगा म्हणाला. "जागाच ठेवलाय की त्याला."