टाकी आधी का इंजिन?

भाचा आलाय सुट्टीला पुण्याहून. बाहेर चाळीसगावचं मे महिन्याचं ऊन, पंखासुद्धा गरम हवाच फेकतो, मग पोरगं दिवसभर मोबाईलमधे. परवा त्याच्या खांद्यावरून वाकून बघितलं तर एक गाडी झॉम्बी (म्हणजे चालतीफिरती मढी) उडवत चाललीय, टपावर बंदूक, पुढे काटेरी बंपर, आणि मला एकदम गलबलूनच आलं भो, कारण हा गेम मी ओळखतो, म्हणजे हा नाही, पण याचा बाप ओळखतो.

अर्न टू डाय. टॉफी गेम्सवाल्यांचा. ज्यांनी खेळला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात, जग झॉम्बींनी भरलंय, वाळवंटाच्या पार दुसऱ्या टोकाला एक हेलिकॉप्टर उभं आहे, आणि तुमच्याकडे आहे एक खटारा. टाकीत डिझेल म्हणाल तर भांडं विसळायला पुरणार नाही. निघायचं, पाचपन्नास झॉम्बी चिरडायचे, लाकडी खोक्यांच्या ढिगात अडकायचं, डिझेल संपतं, गाडी थांबते, दिवस संपला. किती लांब गेला आणि किती झॉम्बी मारले त्याचे पैसे, मग गॅरेज. इंजिन, गिअरबॉक्स, टायर, टाकी, बंदूक, बूस्टर, पुढचं लोखंड, जे परवडेल ते घ्या आणि उद्या परत तिथूनच सुरुवात, पहिल्या फुटापासून. वाटेत कुठेही पंप नाही.

आम्ही हा खेळलो २०१२-१३ ला, स्टेशनजवळच्या एका सायबर कॅफेत. अकरावीला होतो. तासाला वीस रुपये, आणि गेम ब्राऊजरमधेच चालायचा, फ्लॅश नावाच्या सॉफ्टवेअरवर. त्यात त्यांनी पुढचा भाग काढला त्याचं नावच अर्न टू डाय २०१२, आणि त्या वर्षी तर टीव्हीवर रोज जग बुडणार म्हणून चाललेलं, २१ डिसेंबरला म्हणे सगळं खतम, त्यामुळे आम्हाला वाटायचं आपण तयारीच करतोय. आता आतली गोष्ट सांगतो. फ्लॅशमधे तुमची गाडी सेव्ह व्हायची ती त्याच कॉम्प्युटरमधे. म्हणजे माझी गाडी ४ नंबरवर. ४ नंबरवर कोणी काका रेल्वेचं तिकीट काढत बसले असतील तर बाहेर ओट्यावर बसून वाट बघायची, ५ नंबर रिकामा असला तरी उपयोग नाही, तिथं दुसऱ्याच कोणाचा तरी खटारा उभा. आणि एक दिवस कॅफेवाल्या पोराने सगळ्या मशीन साफ केल्या, हिस्ट्री, कुकी, सगळं. गेलो तर माझा मोठा ट्रक गायब, परत पहिल्या दिवसाची डबडी गाडी. मी त्या दिवशी घरी जेवलो नाही हे आईला अजून आठवतं, कारण मात्र तिला माहीत नाही, म्हणजे आता ही पोस्ट वाचली तर कळेल.

आमच्यात पैज असायची कोण कमी दिवसांत हेलिकॉप्टर गाठतो. शेवटी गेम दिवस मोजून दाखवायचा ना. सगळ्यांचं एकच म्हणणं, आधी टाकी. जास्त डिझेल म्हणजे जास्त लांब, सोपा हिशोब. मी पण टाकीवालाच. एकदा नाना मला शोधत कॅफेत आले, मागे उभं राहून पाच मिनिटं बघितलं, काही बोलले नाही. माझी गाडी चढाला लागली, समोर झॉम्बींचा घोळका, काटा अजून अर्ध्यावर, आणि गाडी तिथेच घुरघुर करत उभी. चाकं फिरताहेत, गाडी जाग्यावर, आणि तो काटा मात्र खाली खाली. नाना म्हणे, "अरे येड्या, टाकी मोठी करीसन काय उपयोग, इंजिनमा दम नही शे ना!"

आमचे नाना म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, त्यांची टाटा ४०७ होती. केळी, कपाशी, कधी लिंबू, जे मिळेल ते भाडं, चाळीसगावहून कन्नड घाट चढून तेव्हाच्या औरंगाबादला. ज्यांनी तो कन्नडचा औट्रम घाट रात्री लोड गाडीत चढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. मी एकदा गेलो होतो त्यांच्यासोबत. पहिल्या गिअरमधे गाडी कण्हत चालली होती, केबिनमधे क्लच प्लेट जळाल्याचा तो गोडसर घाण वास, क्लीनर खाली उतरून हातात मोठा दगड घेऊन चाकाच्या बाजूने चालतोय, गाडी थांबली की लगेच मागच्या चाकाला दगड. पुढच्या ट्रकचा लाल दिवा तेवढा दिसायचा. नाना एक शब्द बोलत नव्हते, फक्त इंजिनचा आवाज ऐकत होते, कान तिकडेच. वर पोचल्यावर चहाच्या टपरीवर बोनेट उघडून ठेवलं आणि म्हणाले, अजून एक सीझन काढू दे, मग इंजिन बोर (आतून घासून नीट) करून घेऊ.

त्या एका सीझनचे दोन झाले. आधी टायर, ते पण रिमोल्ड, म्हणजे जुन्यालाच नवं रबर. मग ब्रेकचं काम. मग मागच्या स्प्रिंगचा एक पाटा तुटला तो. मग बहिणीचं लग्न. इंजिनचा नंबर तिसऱ्या वर्षी लागला. मिस्त्रीकडे गाडी आठ दिवस उभी, आणि बाहेर आली तेव्हा नाना घाटावरून फक्त ट्रायलला म्हणून जाऊन आले, रिकामी गाडी घेऊन. डिझेल जाळून. ज्या माणसाने आयुष्यात उतारावर न्यूट्रल मारून डिझेल वाचवलं (करू नका, जीवघेणं आहे ते), तो माणूस नुसता इंजिन ऐकायला घाट चढून आला.

मग मला सांगा, मी तो गेम का नाही खेळणार? बहीण म्हणते काय ते मारामारीचं खेळायला देतो पोराला. तिचं चूक नाही, पण झॉम्बी त्या गेममधे निमित्ताला आहेत, खोक्यांचा ढीग असतो तसाच तो एक ढीग. झॉम्बी का ठेवतात त्याचा पण एक किस्सा आहे. १९९७ ला कार्मागेडन नावाचा गेम आला होता, त्यात चालणाऱ्या लोकांनाच गाडीखाली घ्यायचं. ब्रिटनच्या सेन्सॉर बोर्डाने सर्टिफिकेट द्यायला नकार दिला, तर कंपनीने माणसांच्या जागी झॉम्बी टाकले, रक्त हिरवं केलं, आणि गेम विकला गेला. पुढे अपील जिंकून मूळ गेमपण आणला त्यांनी. म्हणजे रस्ता तोच, गाडी तीच, फक्त समोरचा आधीच मेलेला आहे म्हटल्यावर कोणाला अडचण नाही. हसू येतं मला, पण पटतं पण.

त्याच २०१२ मधे फिनलंडच्या फिंगरसॉफ्टचा हिल क्लाईंब रेसिंग आला, तो तर आपल्याकडे एसटीत बसलेल्या दर दुसऱ्या पोराच्या मोबाईलमधे होता. त्यातला तो ड्रायव्हर न्यूटन बिल आणि त्याची जीप. चांगलाच गेम आहे, पण त्यात वाटेत डिझेलचे कॅन मिळतात, दयाळू गेम आहे तो. अर्न टू डायला दया नाही. तुम्ही पंचवीस वेळा तोच रस्ता धरता, पंचवीस वेळा हरता, आणि दर वेळी कालच्यापेक्षा पन्नास मीटर पुढे जाऊन हरता. कालचा ढीग, ज्याने गाडी अडवली होती, तो आज फटकन फुटतो, आणि तो फुटला ते तुम्ही गिअरबॉक्स घेतला म्हणून. ही जी मजा आहे ना ती बंदुकीत नाही. घरात पैसे थोडे आणि खर्च सतरा असला की आज काय करायचं आणि काय उद्यावर टाकायचं, हा हिशोब आपल्याकडे प्रत्येक घरी महिन्याच्या एक तारखेला होतो, तोच इथे पडद्यावर, फक्त इथे चुकलं तर कोणी उपाशी राहत नाही.

आणि आता भाच्याच्या मोबाईलमधला गेम बघा. नाव घेत नाही, असे ढिगाने आहेत. डिझेल संपलं, की पडद्यावर येतं, जाहिरात बघा आणि टाकी भरा. पैसे कमी पडले? जाहिरात बघा, डबल घ्या. इंजिन घेतलं तर ते "लागायला" चार तास थांबा, नाहीतर हिरे द्या, हिरे खऱ्या पैशाचे. आणि जाहिरात कसली तर रमीची, बारा वर्षाच्या पोराला! ती बंद करायचा क्रॉस मोहरीएवढा, बोट जरा इकडे गेलं की दुकानच उघडतं. मी घड्याळ लावून बघितलं, वीस मिनिटांत पोराने गाडी चालवली असेल सात-आठ मिनिटं. बाकी जाहिराती. आणि मुख्य म्हणजे त्याला टाकी आधी का इंजिन हा प्रश्नच पडत नाही, जे पाहिजे ते जाहिरात बघून मिळतं, मग विचार कशाला करेल तो. गेम बनवणाऱ्यांनी पण कमवायला पाहिजे हे मला कळतं, कॅफेत आम्ही पण तासाचे वीस रुपये देतच होतो की, पण ते वीस रुपये दिले की गेम आमचा. मधेच येऊन कोणी खिशात हात घालत नव्हतं.

मग काल मी लॅपटॉप काढला. फ्लॅश तर ३१ डिसेंबर २०२० ला बंद केलं ते बनवणाऱ्या अडोबी कंपनीने, १२ जानेवारीपासून चालायचंच थांबलं, मला वाटलं होतं गेलं ते सगळं. पण रफल नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, लोकांनी मिळून बनवलंय, ते जुने फ्लॅश गेम चालवतं. लागला एकदाचा. भाचा पहिले दोन दिवस (गेममधले) वैतागला, म्हणे मामा याच्यात जाहिरात कुठेय, टाकी भरायची आहे. नाही म्हटलं, नाहीये. गप्प बसला. मग दहाव्या-बाराव्या दिवशी गॅरेजच्या पडद्यावर बराच वेळ थांबला, बोट माऊसवर, आणि विचारलं, मामा, टाकी घेऊ का इंजिन?

मी तोंड उघडायच्या आत आतून, खाटेवरून, नानांचा आवाज आला. मला वाटत होतं झोपलेत.

"पहिले टायर."

टायरचं मला अजून पटलेलं नाही.