पिंपळपानाच्या कडेचं काजळ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. नावाच्या जागी तुम्ही ‘एक कोथरूडकर’ एवढंच लिहिलंय, म्हणून मीही तेवढंच म्हणतो. जाळी पडलेल्या पिंपळपानाचं टेक्स्चर (वस्तूवर चढवायचं चित्र) ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या नोड्समध्ये, म्हणजे वायरने जोडायच्या चौकटींमध्ये, कसं केलं, यावरच्या माझ्या लेखाला तुमचे तीन आक्षेप आहेत. पानाच्या भोकांखाली रंग भरणं हा फुकटचा खटाटोप आहे, रंगाला मास्कने (पान कुठे, भोक कुठे हे सांगणाऱ्या काळ्या-पांढऱ्या चित्राने) गुणलं की काम झालं. प्रीमल्टिप्लाइड अल्फाचं (अल्फा म्हणजे पिक्सेल किती अपारदर्शक ते, आणि प्रीमल्टिप्लाइड म्हणजे रंग त्याने आधीच गुणलेला) कौतुक करून शेवटी पीएनजी चित्रफाइल स्ट्रेट, म्हणजे रंग न गुणता, ठेवायला सांगणं हा दुटप्पीपणा आहे. आणि मास्कची कलर स्पेस, म्हणजे त्यातले आकडे कसे वाचायचे ते, मी सांगितलेलीच नाही.

तिसरा आक्षेप शंभर टक्के मान्य. मास्क वेगळ्या चित्रात साठवला तर तो ‘नॉन-कलर’ म्हणूनच, म्हणजे आकडे जसेच्या तसे, वाचायला हवा. एसआरजीबी (पडद्यावरच्या रंगांची नेहमीची पद्धत) म्हणून वाचला तर ०.५ चा करडा साधारण ०.२१ होतो आणि शिरांच्या कडा झिजून जातात. लेखात दुरुस्ती केली आहे.

पहिला मात्र मान्य नाही. कडेवरचा एकच पिक्सेल घ्या, अर्धा पान आणि अर्धा भोक. पानाचा हिरवा ०.६, अल्फा ०.५ (० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे पूर्ण). तुमच्या पद्धतीने गुणलं की हिरवा ०.३ झाला. ही फाइल स्ट्रेट म्हणून पुढे गेली की रेंडरर (शेवटचं चित्र काढणारा प्रोग्रॅम) पुन्हा अल्फाने गुणतो, म्हणजे ०.१५. अमृततुल्यातला चहा साखर घालूनच येतो, त्यात तुम्ही आणखी एक चमचा घातलात! मागे पांढरी भिंत असेल तर तिचा अर्धा वाटा ०.५ मिळून ०.६५ येतो. यायला हवा होता ०.८. पानाने काजळ घातल्यासारखी जी काळी रेघ दिसते, ती हीच.

बरं, गुणलंच नाही आणि भोकांखाली नुसता काळा राहू दिला, तर? टेक्स्चर लहान होताना शेजारचे पिक्सेल मिसळतात. पानाचा ०.६ आणि भोकाचा ० यांची सरासरी ०.३, अल्फा ०.५. म्हणजे आलो परत त्याच ठिकाणी. म्हणून पानाचा रंग भोकांच्या खालीही पसरू द्यायचा. प्रोसिजरलमध्ये, म्हणजे फोटोऐवजी सूत्रांनी चित्र बनवताना, याला कष्टही नाहीत. शिरा व्होरोनॉयमधून (पेशींसारखी जाळी काढणाऱ्या नोडमधून) काढल्या तरी रंगाचा नॉइज (अनियमित चढउतार) वेगळ्या वायरवर भोकांखालीही चालूच असतो, तो आपणच मास्क लावून मारतो.

दुटप्पीपणाबद्दल. पोर्टर आणि डफ या संगणकचित्रांच्या अभ्यासकांनी १९८४ मध्ये थर एकमेकांवर ठेवण्याचं गणित मांडलं, ते आधीच गुणलेल्या रंगावर. एकावर एक थर टाकायला आणि फिल्टर करायला तेच सोयीचं, कारण भोकातला रंग वजनच धरत नाही. वरच्या उदाहरणात ०.३ पुन्हा न गुणता मिसळला की थेट ०.८ येतो. पण पीएनजीच्या नियमानुसार त्यातला रंग न गुणलेला असतो, आणि ईएक्सआर या दुसऱ्या चित्रफाइलीत प्रथा बरोबर उलटी. आत एक आणि फाइलीत दुसरं, हा माझा लहरीपणा नाही. ब्लेंडरमध्ये चित्राच्या अल्फाला स्ट्रेट आणि प्रीमल्टिप्लाइड असे वेगळे पर्याय दिलेत ते याचसाठी. ‘नेहमी प्रीमल्टिप्लाइड वापरा’ असं सरसकट वाक्य मी एके ठिकाणी लिहिलं होतं, ते मात्र काढून टाकलंय.

राहता राहिलं तुमचं ‘मला तर काळी कड कधीच दिसली नाही’. तुम्ही जोडलेला स्क्रीनशॉट मोठा करून पाहिला. पान जवळजवळ काळ्या पार्श्वभूमीवर आहे. तिथे ०.३ च्या जागी ०.१५ आला तर पान जरासं बारीक दिसेल, बाकी काही कळणार नाही. आमच्या गल्लीतल्या पाराखालून उचललेलं जाळीचं पान माझ्या वहीत आहे. ते ट्यूबलाइटसमोर धरलं की भोकांच्या कडा तपकिरी दिसतात, काळी रेघ कुठेच नाही. तुमचं पान एकदा पांढऱ्यावर ठेवा आणि दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावून इथेच टाका.