विष ओळखणारा पेला आणि मावशीचं आगळ

एक फॉरवर्ड सध्या जोरात फिरतोय. दोन फोटो, एकात काचेचा नक्षीदार पेला हिरवा, दुसऱ्यात तोच पेला लालभडक. खाली मजकूर असा: रोमन सम्राट परदेशी दूतांना मेजवानीला बोलावत तेव्हा हा पेला पुढे ठेवत, पेयात विष असलं की तो हिरव्याचा लाल होई, सोळाशे वर्षांपूर्वी रोमनांना नॅनोटेक्नॉलॉजी अवगत होती, आजच्या शास्त्रज्ञांना असा पेला बनवता येत नाही, म्हणून ब्रिटिश म्युझियमने तो तिजोरीत दडवून ठेवलाय. आणि शेवटी, आरोग्याचा सल्ला नसेल तर तो फॉरवर्ड कसला: अस्सल क्रिस्टल काचेतही हाच गुण असतो, तेव्हा घरातली पेयं क्रिस्टलमध्ये ठेवा, भेसळ असेल तर रंग बदलेल.

हसून सोडून दिलं असतं. पण माझ्या मावशीने ते वाचलं, शोकेसमध्ये वर्षानुवर्षं पडलेला क्रिस्टलचा डिकँटर (वाइन ओतून ठेवायची नक्षीदार सुरई) काढला, धुतला आणि त्यात यंदाचं कोकमाचं आगळ भरून ठेवलं. "अरे, रंग बदलला की कळेल ना, कोकमं चांगली दिलीन् की नाही ते!" आता आगळ मुळातच लाल. त्यातून बदललेला रंग दिसणार कुणाला? पण फॉरवर्डपुढे मावशीला असले प्रश्न पडत नाहीत, आणि भाच्याने विचारले तर तो शहाणा ठरतो. म्हणून लिहून टाकतो.

पेला खरा आहे. लायकर्गस कप म्हणतात त्याला. इसवी सनाच्या चौथ्या शतकातला, साधारण साडेसोळा सेंटिमीटर उंच. 1958 मध्ये ब्रिटिश म्युझियमने तो लॉर्ड रॉथशिल्ड यांच्याकडून 20,000 पौंडांना घेतला. जाड काचेचा पेला घडवून मग बाहेरचा थर कोरत कोरत आकृत्या जवळजवळ सुट्या केल्यात, आतल्या भिंतीशी त्या जेमतेम जोडलेल्या आहेत. ग्रीक पुराणकथेतला थ्रेसचा राजा लायकर्गस द्राक्षवेलीत गुरफटून तडफडतोय, असा प्रसंग. कारागिरीबद्दल काहीही कौतुक करा, कमीच पडेल.

रंगही बदलतो. पण कशाने? उजेड समोरून पडला तर काच हिरवट, अपारदर्शक दिसते. उजेड आतून किंवा मागून आला तर लाल. बस्स. फॉरवर्डमधले दोन फोटो म्हणजे त्याच पेल्याचे, दिव्याची जागा बदलून काढलेले. त्यात पाणी ओता, वारुणी ओता नाहीतर सोमल ओता, काचेला त्याचा पत्ताही लागणार नाही.

का लागणार नाही, तेही सांगतो, कारण इथेच सगळी गोम आहे. प्राचीन काचेचे अभ्यासक इयन फ्रीस्टोन आणि सहकाऱ्यांचा 2007 चा 'गोल्ड बुलेटिन' या नियतकालिकातला लेख या पेल्याबद्दलचा सर्वांत भक्कम आधार. त्यात दिल्याप्रमाणे या काचेत सुमारे 300 पीपीएम चांदी आणि 40 पीपीएम सोनं आहे, म्हणजे किलोभर काचेत 40 मिलिग्रॅम सोनं. या धातूंचे 50 ते 100 नॅनोमीटरचे कण (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) काचेत विखुरलेले आहेत. ते हिरवा उजेड परतवतात आणि लाल तेवढा आरपार जाऊ देतात. आता नीट बघा: हे कण काचेच्या पृष्ठभागावर लावलेले नाहीत, काचेच्या पोटात बंद आहेत. पेल्यातला द्रव त्यांना शिवतच नाही. मग विष ओळखणार कोण?

विषाची कल्पना आली कुठून, याचा माग मात्र लागतो. साधारण 2012-13 च्या सुमारास अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी या पेल्यावरून स्फूर्ती घेऊन एक प्लास्टिकची पट्टी केली. तिच्यावर अतिसूक्ष्म खळगे, खळग्यांत सोन्याचांदीचे कण. तिथे द्रव थेट कणांना भिडतो, म्हणून पाण्याने एक रंग आणि तेलाने दुसरा दिसतो. अशी पट्टी पुढेमागे रोगजंतू किंवा घातक द्रव ओळखायला उपयोगी पडेल, अशा बातम्या आल्या. पट्टीचा गुण पेल्याला चिकटवायला फॉरवर्डवाल्याला कितीसा वेळ लागतो!

तसं हे स्वप्न जुनंच. व्हेनिसजवळच्या मुरानोच्या काचेबद्दलही दंतकथा आहे की विष ओतलं की पेला तडकतो. आपल्याकडे कौटिल्याने राजाच्या रक्षणासाठी पक्षी सांगितलेत. विषाजवळ चकोराच्या डोळ्यांचा रंग बदलतो म्हणे. ज्याला शेजारच्या पाहुण्यावर भरवसा नाही, त्याला असं काहीतरी हवंच असतं.

सम्राट आणि मेजवानीचा धागा अगदीच हवेतला नाही, हे नाइलाजाने मान्य. 'हिस्टोरिया ऑगस्टा' या लॅटिन चरित्रसंग्रहात हेड्रियन सम्राटाच्या नावावर एक पत्र आहे. एका देवळाच्या पुजाऱ्याने आपल्याला रंग बदलणारे पेले भेट दिले, ते मी तुला आणि माझ्या बहिणीला पाठवतोय, सणावाराच्या जेवणावळीत वापरा, असं तो मेहुण्याला लिहितो. वर एक टोला: आपल्या आफ्रिकानसला ते जरा जपूनच वापरू दे. काळजी जास्त पिण्याची आहे, विषाची नव्हे! शिवाय हा ग्रंथ थापांसाठी इतका बदनाम आहे की पत्र खरं असेलच असं नाही. आणि आपला पेला पिण्यासाठी होता का, यावरही अभ्यासकांचं एकमत नाही. त्याची चांदीची, मुलामा दिलेली कड आणि पाय फार नंतर बसवलेत. त्या घडणीच्या दुसऱ्या एका रोमन पेल्याला टांगायच्या कड्या आहेत. आतून दिवा लागला की लाल होणारी वस्तू बहुधा दिवाच असणार, असं काहींचं म्हणणं. मला ते पटतं.

आता तो सल्ला, ज्याच्यामुळे मी वैतागलोय. जुन्या क्रिस्टल काचेत लायकर्गस कपाचा कुठलाच गुण नसतो. असतं ते शिसं, आणि ते चिमूटभर नसतं: युरोपच्या नियमाप्रमाणे 'लेड क्रिस्टल' म्हणवून घ्यायला किमान 24 टक्के लेड ऑक्साइड लागतं. वजन, चकाकी, टिचकी मारल्यावरचा तो नाद, सगळं त्याचंच. आंबट पदार्थ हे शिसं ओढून घेतो. 1991 मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या ग्राझियानो आणि ब्लम यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आकडे दिले: पोर्ट वाइनमध्ये सुरुवातीला लिटरमागे 89 मायक्रोग्रॅम शिसं होतं, क्रिस्टलच्या डिकँटरमध्ये चार महिने ठेवल्यावर एकात 2,162, दुसऱ्यात 3,061 आणि तिसऱ्यात 5,331. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा मार्गदर्शक आकडा 10 आहे. विरघळलेल्या शिशाला ना रंग ना वास, त्यामुळे डोळ्यांना काही कळत नाही. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो, तो भरून निघत नाही. आणि आगळ म्हणजे आंबट अधिक मीठ, तेही वर्षभर टिकवायला भरून ठेवलेलं. उन्हाळ्यात नातवंडं आली की पहिला मान त्याच सरबताला. भेसळ पकडणारं भांडंच भेसळ करतंय! आगळ साध्या काचेच्या बाटलीत ठेवा, चिनी मातीच्या बरणीत ठेवा. हल्ली शिसं न घालता केलेलं क्रिस्टलही मिळतं, पण घरातलं जुनं भांडं कुठलं, हे बघून सांगता येत नाही. ते शोकेसमध्येच शोभतं.

उरलेलं भराभर. नॅनोटेक्नॉलॉजी: फ्रीस्टोन यांच्या लेखाच्या शीर्षकातच 'रोमन नॅनोटेक्नॉलॉजी' असे शब्द आहेत, तेव्हा निम्मं खरं म्हणावं लागेल. पण कुणी सोनं कुटून नॅनोमीटरचं केलं नव्हतं. वितळलेल्या काचेत धातू विरघळला आणि योग्य आचेवर, पाकात साखर धरावी तसे त्याचे कण धरले. या प्रकारची रोमन काच अगदी मोजकी सापडते, यावरून ही किमया त्यांनाही दरवेळी साधत नसावी. आज बनवता येत नाही म्हणे! सोन्याने लाल होणारी काच योहान कुंकेल हा जर्मन रसायनज्ञ सतराव्या शतकात जर्मनीतल्या पोट्सडामला करत होता, सोन्याच्या बारीक कणांमुळे असे रंग येतात हे मायकेल फॅरेडेने 1857 मध्ये मांडलं, आणि अशाच कणांच्या अभ्यासासाठी रिचर्ड झिगमाँडीला 1925 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

राहिली तिजोरी. पेला ब्रिटिश म्युझियमच्या 41 नंबरच्या दालनात मांडलेला असतो, दोन्ही रंग दिसावेत अशी प्रकाशयोजना करून. मध्यंतरी तो शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटलाही जाऊन आला. लंडनमधल्या त्या दालनात जायला तिकीट लागत नाही.