पुमा पुंकूचे दगड कुणी छापले?

शनिवारी सकाळी मामांनी फॅमिली ग्रुपवर टाकलं: ‘बोलिव्हियातलं पुमा पुंकू हे प्राचीन दगडी बांधकाम माणसाने नाही, परग्रहवासीयांनी केलं! थ्रीडी मॉडेलने सिद्ध!!’ असलं काही आलं की मी अंगठा दाखवून पुढे जाते. पण संध्याकाळी सातवीतली भाची तोच मजकूर इतिहासाच्या प्रोजेक्टमध्ये सुवाच्य अक्षरात उतरवताना दिसली. खाली ‘संदर्भ: आजोबा’. मग मात्र त्या मजकुरातला एकेक दावा घेऊन लिहायला बसले.

‘एच आकाराचे दगड तंतोतंत सारखे, म्हणजे यंत्रातून काढलेले. मॉडेलने दाखवून दिलं.’

मामा, ते मॉडेल ज्याने केलं त्याचं तरी ऐका. पुरातत्त्वज्ञ अलेक्सेई व्रानिच यांनी २०१८ मध्ये ‘हेरिटेज सायन्स’ या नियतकालिकात हे काम मांडलं. अडचण अशी होती की पुमा पुंकू शतकानुशतकं लुटलं गेलंय. दगड इतके विखुरलेत की कुठला कशाला लागून होता हे कळत नाही, आणि हलवून बघावेत तर वजन टनांत. मग गेल्या दीडशे वर्षांत वेगवेगळ्या लोकांनी घेतलेली मापं जमवली, त्यांवरून कॉम्प्युटरवर तुकडे उभे केले आणि मूळच्या ४ टक्के आकारात थ्रीडी प्रिंटरवर छापून काढले. अँडेसाइट या ज्वालामुखीच्या दगडाचे १४० तुकडे, वालुकाश्माच्या १७ लाद्या. पुढचं काम हातांनी, लहान मुलं ठोकळे जुळवतात तसं. त्यातून दिसलं की कित्येक तुकडे दरवाजांचे आहेत, आणि ते दरवाजे एकामागे एक लहान होत जात असावेत, म्हणजे बघणाऱ्याला समोरचं अंतर संपतच नाही असं वाटावं.

एवढंच. मॉडेल सांगतं की तुकडा कुठे बसत होता. तो कशाने घडवला, हे छापलेल्या ठोकळ्याला विचारून काय उपयोग?

दगड ठरावीक मापाचे आहेत हे खरंच. मी बारा वर्षं आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग काढतेय. एकाच मापाच्या वस्तू दिसल्या की मला फर्मा आठवतो, उडती तबकडी नाही. आणि परग्रहवाल्यांकडे लेझर होता म्हणावं, तर त्यांना पायाच्या लाद्या एकमेकींना धरून ठेवायला दगडात खाचा पाडून त्यांत वितळलेला धातू का ओतावा लागला? तांब्यात आर्सेनिक आणि निकेल असलेल्या त्या मिश्रधातूचा अभ्यास झालाय.

‘दगड डायोराइटचा, हिऱ्याशिवाय कापत नाही.’ नाही. लाल वालुकाश्म आणि अँडेसाइट. अँडेसाइट आपल्या काळ्या दगडाच्या नात्यातला. जुन्या दगडकामाचे अभ्यासक जाँ-पिएर प्रोत्सेन यांनी पेरूमधल्या, स्पॅनिशांच्या आधी तिथे राज्य करणाऱ्या इंकांच्या काळातल्या एका खाणीत अँडेसाइट नुसत्या दगडी हातोड्यांनी घडवून दाखवलाय.

इथे एक गोष्ट मान्य करते, नाइलाजाने. पुमा पुंकूच्या दगडांतले आतले काटकोन इतके धारदार आहेत की इंकांची ती पद्धत त्यांना पुरत नाही. हे खुद्द प्रोत्सेन आणि त्यांच्या सहकारी स्टेला नायर यांनीच म्हटलंय. नेमकी हत्यारं कोणती, हा प्रश्न उघडा आहे. पण प्रश्न उघडा आहे म्हणून त्यातून कुणीही यान घेऊन आत शिरावं असं नाही.

‘१७,००० वर्षं जुनं.’ हा आकडा आर्थर पोस्नान्स्की या जुन्या संशोधकाचा, तोही शेजारच्या कालासासाया या वास्तूची दिशा आणि सूर्य यांच्या हिशोबातून काढलेला. पुमा पुंकूच्या सर्वांत खालच्या भरावातल्या सेंद्रिय अवशेषांचा कार्बन-१४ काळ इसवी सन ५३६ ते ६०० असा येतो. आपल्याकडे तेव्हा वाकाटकांचं राज्य संपून गेलं होतं.

‘४४० टनांचा दगड.’ सर्वांत मोठी लादी सुमारे १३१ टन, खाण साधारण १० किलोमीटरवर. पुढे.

‘तिथल्या अडाणी लोकांना लिपीसुद्धा नव्हती, ते काय बांधणार?’

खरा संताप याचा आहे. लिपी नव्हती हे बरोबर. पण पाथरवटाला काटकोन साधायला बाराखडी लागते का? आपल्या गल्लीत पाट्याला टाकी लावायला येणाऱ्या बाईला कधी सही विचारली होती? टिटिकाका सरोवराजवळ, सुमारे ३,८५० मीटर उंचीवर, गारठ्यात या लोकांनी वाफे आणि कालवे काढून बटाटा पिकवला, शहर वसवलं. १५४९ मध्ये स्पॅनिश बखरकार सिएसा दे लेओन तिथे पोचला. हे इंकांनी बांधलं का, असं त्याने विचारल्यावर स्थानिक लोक हसले आणि म्हणाले, इंकांच्या आधीपासून आहे. दुसऱ्याच कुणाला श्रेय देण्याची खोड तेव्हापासूनची आहे.

फॉरवर्डच्या शेवटी ‘आपलं वेरूळही त्यांनीच’ असं होतं, त्यावर मामांनी हात जोडलेत! मामा, राष्ट्रकूट कर्कराजाच्या ताम्रपटात वेरूळच्या देवळाबद्दल लिहिलंय की घडवणारा स्वतःच चकित झाला, हे माझ्या हातून झालं कसं. त्याचे हात तरी त्याच्याकडे राहू द्या.

प्रोजेक्ट सोमवारी द्यायचाय. जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा एक फर्मा करून दिला, त्यावरून भाचीने कात्रीने सहा एच कापले. मामा, सहाही सारखे आलेत.