डिस्क तपासली म्हणे, मग निकाल कुठे आहे?

काल संध्याकाळच्या पावसात शिवाजी उद्यमनगरातली वीज गेली, दिवाळीपासून मरणपंथाला लागलेल्या यूपीएसने मान टाकली आणि कारखान्यातला डेबियन या लिनक्स प्रणालीवरचा सर्व्हर धाडकन बंद पडला. आज सकाळी तो सुरू होताना पडद्यावर डिस्क तपासणाऱ्या एफएससीके या प्रोग्रॅमच्या चार ओळी चमकल्या आणि त्यांतला ‘फिक्स्ड’ एवढा शब्द वाचेपर्यंत लॉगिनचा पडदा येऊन उभा राहिला. काय फिक्स्ड? कुठल्या फाइलचे? मालकांचा प्रश्न मात्र सरळ होता, ‘डिस्क बरी हाय न्हवं?’

प्रणालीच्या नोंदी दाखवणाऱ्या जर्नलसीटीएलला सिस्टमडी-एफएससीके-रूट या डिस्क तपासणाऱ्या सेवेविषयी विचारले, तर उत्तर ‘नो एन्ट्रीज’. कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, नोंदी दाखवणाऱ्या डीमेसगमध्ये माऊस केव्हा सापडला याचा मायक्रोसेकंदापर्यंत हिशेब आहे, पण ज्या डिस्कवर पंधरा वर्षांची ड्रॉइंग्ज आहेत तिच्यात काय दुरुस्त केले, याबद्दल अवाक्षर नाही. पूर्वी व्हार-लॉगमध्ये एफएससीके नावाची एक डिरेक्टरी असे आणि तिच्यातली चेकएफएस ही फाइल उघडली की ‘अजून काहीही नोंदवलेले नाही’ असे इंग्रजीत बाणेदारपणे सांगत असे. निदान ती खोटे तरी बोलत नव्हती. फाइलसिस्टिमची माहिती दाखवणाऱ्या ट्यूनटूएफएसची ‘लास्ट चेक्ड’ ही तारीख पाहण्यात अर्थ नसतो, कारण नियतकालिक तपासणी 2011 सालापासूनच मुळात बंद ठेवलेली असते आणि म्हणून तिथे बहुधा इन्स्टॉलेशनचा मुहूर्तच दिसतो. शिवाय बूट होताना ‘क्वाएट’ हा संदेश दडवणारा पर्याय मुळातच लावून देणाऱ्यांना मी कधीही क्षमा करणार नाही.

दोन तासांनी उलगडा झाला. रूटची, म्हणजे मुख्य फाइलसिस्टिमची, तपासणी इनिट्रॅमएफएस या बूटच्या सुरुवातीच्या तात्पुरत्या प्रणालीतच उरकली जाते, त्यामुळे नंतर सगळ्या सेवा सुरू करणारी सिस्टमडी ती पुन्हा करत नाही, आणि निकाल ‘रन’मधल्या इनिट्रॅमएफएस डिरेक्टरीत, एफएससीके.लॉग या फाइलमध्ये पडून असतो. ‘रन’ असते मेमरीत, म्हणजे रीबूट केले की पुसली जाते. आणि त्या चार ओळी पुन्हा नीट वाचता याव्यात म्हणून मीच, स्वतःच्या या दोन हातांनी, मध्यंतरी सर्व्हर रीबूट केला होता. फाइलमध्ये आता एकच समाधानी शब्द होता, ‘क्लीन’.

मग कर्नलला एफएससीके.मोड=फोर्स देऊन सक्तीची तपासणी केली, पण तिने आजची प्रकृती सांगितली, कालचे दुखणे नाही. दुरुस्तीत सापडलेले फाइलींचे अनाथ तुकडे जिथे ठेवले जातात, ते लॉस्ट+फाउंड रिकामे निघाले. मालकांना ‘बरी आहे’ असे सांगितले आणि यूपीएसच्या बॅटरीचा विषय काढला, तर ते म्हणाले, ‘बघूया दिवाळीला.’