त्रास नाही म्हणजे नेमकं काय?

हृदयातून महाधमनीत रक्त सोडणारी झडप अरुंद झाली, पण लक्षणं नसली, तर ती लवकर बदलावी का, हा प्रश्न एका लेखात वाचला; तो सध्या आमच्या घरातलाच आहे. आमचे आप्पा खानापूरचे, वय ७४. इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) झडप फार अरुंद दिसली, पण "मला काय धाड भरलीया?" हेच पालुपद. खरं तर शिवाराचा चढ त्यांनी कधीच सोडलेला; बांधावरच्या आंब्याखालीच बसायचे. ट्रेडमिलवर चौथ्या मिनिटाला दम लागला.

लक्षणं नसलेल्यांची झडप नळीवाटे (छाती न उघडता) लगेच बदलणं बरं की लक्ष ठेवून थांबणं, हे २०२४ च्या 'अर्ली टॅव्हर' चाचणीत ९०१ रुग्णांवर तपासलं. वाट बघणाऱ्यांपैकी ८७ टक्क्यांची झडप पुढे बदलावीच लागली. दोन्ही गटांत मृत्यूंत मोठा फरक नव्हता, लगेच झडप बदललेल्यांचं अचानक ॲडमिट होणं मात्र कमी झालं. घरच्यांनो, "काय करायचं सोडलंत?" हे विचारा. आम्ही उशिरा विचारलं. आता बेळगावची तारीख मिळालीय.