कुत्र्याचे प्रवासनियम चिंचिलाला लावू नका

पाळीव प्राण्याला गाडीतून लांब न्यायचे म्हटले की जो तो तीच ठरलेली यादी ऐकवतो: निघण्यापूर्वी पोट रिकामे ठेवा, मधूनमधून थांबून त्याला पाय मोकळे करू द्या, खिडकी थोडी उघडी ठेवा, पाण्याचे भांडे हाताशी असू द्या. ही यादी कुत्र्यासाठी तयार झालेली आहे आणि कुत्र्यापुरती ती ठीकच आहे. चिंचिलाच्या, म्हणजे उंदीर-खारीच्या गटातल्या दाट लोकरीच्या छोट्या प्राण्याच्या, बाबतीत मात्र तिच्यातील जवळजवळ प्रत्येक सूचना उलटी करावी लागते, आणि ती उलटी न केल्यास प्रकरण थेट जिवावर बेतू शकते. माझे मत स्पष्ट आहे: घर बदलताना किंवा उपचारांसाठी नेण्याला पर्याय नसेल, तरच चिंचिलाला लांबच्या प्रवासाला न्यावे. सुट्टीतल्या सहलीला त्याला सोबत घेण्यात हौस आपली असते आणि त्रास त्याचा.

सगळा प्रश्न उष्णतेपासून सुरू होतो. हा प्राणी मूळचा अँडीज पर्वतातल्या थंड, कोरड्या, खडकाळ भागातला. त्याच्या एकेका केसमुळातून पन्नास-साठ किंवा त्याहूनही अधिक बारीक केस निघतात आणि एवढ्या दाट लोकरीखाली त्याला घाम येत नाही. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो, तेही चिंचिलाला साधत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे प्रामुख्याने ते मोठे, पातळ कानच काय ते असतात. म्हणूनच तापमान 25 अंश सेल्सियसच्या वर गेले की काळजी सुरू होते, आणि हवेत दमटपणा असेल तर त्याआधीच. आपल्याला ज्या गाडीत ‘छान वाटते आहे’, त्या गाडीत मागच्या सीटवर तो तापत असू शकतो.

चिंचिलाचा सर्वांत प्रसिद्ध लांबचा प्रवास याच अडचणीभोवती आखला गेला होता. मॅथियास चॅपमन नावाच्या अमेरिकी खाण अभियंत्याने 1923 साली चिलीमधून 11 चिंचिला कॅलिफोर्नियात नेले. डोंगरावरून समुद्रसपाटीपर्यंत त्याने त्यांना एकदम उतरवले नाही. खालच्या हवेची सवय व्हावी म्हणून टप्प्याटप्प्याने, बराच काळ घेऊन आणले, आणि पुढे जहाजावर त्यांचे पिंजरे बर्फाच्या साहाय्याने थंड ठेवले. आज घरोघरी असलेल्या बहुतेक चिंचिलांचा वंश त्याच लहानशा कळपापर्यंत मागे नेला जातो. ज्या माणसाकडे वातानुकूलित गाडी नव्हती त्याने एवढा विचार केला, आणि आपण एसीचे बटण दाबून निर्धास्त होतो, याचे मला नवल वाटते.

एसीचे बटण पुरेसे नसते, कारण डॅशबोर्डवर जे तापमान दिसते ते कॅरियरमधले, म्हणजे त्याला नेण्याच्या छोट्या पिंजऱ्यातले, तापमान नव्हे. बाजूच्या काचेतून कॅरियरवर ऊन पडत असेल, तर समोर बसलेल्यांना हुडहुडी भरत असतानाही आतली हवा गरम होत राहते. एक छोटा डिजिटल थर्मामीटर कॅरियरच्या जाळीला बाहेरून, चिंचिलाचे दात पोहोचणार नाहीत अशा जागी बांधावा आणि त्यावरच विश्वास ठेवावा. प्राण्याला आत ठेवण्यापूर्वी रिकामी गाडी थंड करून घ्यावी, उन्हाच्या बाजूला पडदा लावावा, एसीचा झोत मात्र थेट त्याच्यावर येऊ देऊ नये. कॅरियरमध्ये बसायला थंड केलेली ग्रॅनाइटची फरशी ठेवली तर तो आपणहून तिच्यावर पोट टेकून पसरतो. खिडकी उघडून वारा देण्याचा मात्र उपयोग नाही, कारण बाहेरची हवाच गरम असते.

थांबलेल्या गाडीबद्दल तर तडजोडीला जागाच नाही. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीतले तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे दहा अंशांनी वाढू शकते आणि काच बोटभर खाली केल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. ‘पटकन चहा घेऊन येतो’ हे वाक्य या प्रवासात उच्चारायचे असेल, तर एक जण एसी चालू असलेल्या गाडीत बसून राहील, हे आधी ठरवावे.

कानांकडे लक्ष ठेवावे. एरवी फिकट असणारे कान लालसर होऊन त्यांतल्या शिरा फुगलेल्या दिसू लागल्या, तर ती पहिली सूचना असते. त्यापुढे तोंडातून लाळ गळणे, जोरजोरात श्वास घेणे किंवा एका कुशीवर सुस्त पडून राहणे दिसले, की तो उष्माघात समजावा. अशा वेळी त्याला गार जागी हलवावे आणि मिळेल त्या जवळच्या पशुवैद्यकाकडे न्यावे. बर्फाच्या पाण्यात बुडवण्याचा घरगुती उपाय करू नये. चिंचिलांवर उपचार करण्याचा अनुभव प्रत्येक डॉक्टरला नसतो, म्हणून वाटेवरच्या कोणत्या दवाखान्यात अशा प्राण्यांवर उपचार होतात, हे निघण्यापूर्वी फोन करून विचारून घ्यावे.

आता पोटाविषयी. कुत्र्याला उलटी होऊ नये म्हणून त्याला उपाशी नेतात. चिंचिलाला उलटी होऊच शकत नाही, आणि त्याची पचनसंस्था सतत आत येणाऱ्या तंतुमय गवतावर चालते. हे खाणे थांबले तर आतड्यांची हालचाल मंदावते, पोटात वायू साचतो आणि पुन्हा खाणे सुरू करणे अवघड होत जाते. त्यामुळे कॅरियरमध्ये वाळलेले गवत भरपूर असलेच पाहिजे, आणि तेही रोजच्या पिशवीतलेच. प्रवासाच्या निमित्ताने नवा खाऊ देऊ नये. माझ्यापुरते सांगायचे तर मागच्या सीटवरून येणारा गवत चावल्याचा कुरकुर आवाज मला गाडीतल्या कोणत्याही गाण्यापेक्षा प्रिय वाटतो. तो बराच वेळ बंद राहिला की मी मागे वळून पाहायला सांगते. थांब्यावर लेंड्याही पाहाव्यात: त्या नेहमीसारख्या टपोऱ्या आणि पुरेशा असतील तर ठीक, लहान, सुकलेल्या किंवा अगदीच मोजक्या असतील तर पोट कुरकुरते आहे असे समजावे. अर्धा दिवस त्याने काहीच खाल्ले नाही, तर मुक्कामाला पोहोचण्याची वाट पाहू नये.

पाण्याचे उघडे भांडे हिंदकळून लोकर भिजवते आणि ही दाट लोकर लवकर वाळत नाही. बाटलीसुद्धा धक्क्यांनी गळत राहते. गाडी थांबली की बाटली लावावी, त्याने पाणी प्यायले की काढून घ्यावी.

पाय मोकळे करण्याची सूचना तर मला सर्वांत धोकादायक वाटते. अनोळखी जागी दार उघडलेल्या गाडीतून निसटलेला चिंचिला पुन्हा हाती लागणे जवळजवळ अशक्य असते. धावत्या गाडीत खांद्यावर बसवलेल्या चिंचिलाचे फोटो लोक कौतुकाने टाकतात, ते पाहून माझ्या पोटात गोळा येतो. तो ब्रेकच्या खाली शिरू शकतो, वायर कुरतडू शकतो, आणि घाबरून उडी मारताना कोणी त्याला घट्ट धरले तर लोकरीचा पुंजका हातात देऊन निसटतो. शिकाऱ्याच्या तावडीतून सुटण्याची त्याची ती नैसर्गिक युक्तीच आहे. त्याने पूर्ण वेळ कॅरियरमध्येच राहावे, कॅरियर सीटबेल्टने आवळलेला असावा आणि तो एअरबॅग असलेल्या पुढच्या सीटवर ठेवू नये. हा कॅरियर निघण्याच्या बऱ्याच आधीपासून घरातच उघडा ठेवला, तर कॅरियरला चिंचिलाचाच वास लागतो आणि प्रवासात ती एकमेव ओळखीची जागा ठरते.

आवाजाचा विचार फारसा कोणी करत नाही. चिंचिलाची श्रवणक्षमता माणसाशी बरीच मिळतीजुळती असल्यामुळे कानाच्या संशोधनात या प्राण्याचा वर्षानुवर्षे उपयोग होत आला आहे. म्हणजे स्पीकरचा ठेका आणि हॉर्नचा कर्कश आवाज त्यालाही आपल्यासारखाच ऐकू येतो, फक्त तो कशाचा आहे हे त्याला कळत नाही. गाणी बंद ठेवणे एवढे तरी आपल्या हातात असते.

रात्री निघावे की दिवसा, यावर दोन मते आहेत. रात्र त्याच्या जागेपणाची वेळ असते आणि दिवसा तो झोपून प्रवास काढेल, असा युक्तिवाद ऐकू येतो. मला तो पटत नाही. गाडीच्या धक्क्यांत त्याला गाढ झोप लागत नाही, आणि एसी बंद पडला तर रात्रीच्या गारव्यात मदत मिळेपर्यंत थोडा तरी अवधी हाताशी असतो. अर्थात चालकाला रात्री डुलकी लागत असेल, तर पहाटे निघावे.

सहलीसाठी त्याला घरीच ठेवणे चांगले. रोज येऊन गवत, पाणी आणि खोलीतला गारवा पाहणारा एक विश्वासू माणूस सापडला, तर चिंचिलाला आपली अनुपस्थिती गाडीतल्या दगदगीपेक्षा पुष्कळच सुसह्य होते. पण घर बदलायचे असेल, तर नव्या जागी सामान लागण्याआधी त्याचा पिंजरा एका गार, शांत खोलीत लावावा, त्यात जुन्या पिंजऱ्यातले लाकूड आणि लपण्याचे घर तसेच, न धुता ठेवावे. डस्ट बाथ, म्हणजे लोकर स्वच्छ करण्यासाठी लोळायची बारीक धूळ, त्याच संध्याकाळी द्यायला हरकत नाही. पाहुण्यांना मात्र पहिले काही दिवस खोलीबाहेरच ठेवावे, आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचे रोज वजन करावे. ते घसरत राहिले तर तो वरवर कितीही टुणटुणीत दिसत असला, तरी डॉक्टरांना दाखवावे.